नगराध्यक्षांचं डोकं

१

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सकाळी नगराध्यक्षांचं डोकं चोरीला गेलं.

धड जागच्या जागी होतं. बासिलियो न्हाव्याच्या दुकानामागच्या पडवीत, वेताच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून ऐटीत बसलेलं. अंगात पांढरा कोट, मांडीवर पुठ्ठ्याची सूटकेस, सूटकेसवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'तुर्कस्तान'. कॉलरच्या वर मात्र नुसता भुसा दिसत होता.

खरे नगराध्यक्ष विल्फ्रिदो सेवायोस आपल्या खऱ्या डोक्यासकट त्याच संध्याकाळी परदेशातून परत यायचे होते. खुर्चीतला होता तो त्यांचा पुतळा. सान एलिआसमध्ये दरवर्षी सरत्या वर्षाच्या नावाने एक पुतळा करतात, पोटात फटाके भरतात आणि बारा वाजले की चौकात जाळतात, म्हणजे वर्षाची सगळी इडापिडा त्याच्याबरोबर जाते. कुणाचा करायचा हे बासिलियोच्या दुकानाबाहेरच्या बाकावर ठरतं. ज्याचा होतो त्याने तो आपला मान समजायचा. निदान चारचौघांत तरी तसं म्हणायचं.

यंदा वाद झालाच नव्हता. मासळी बंदरांची ती कसली परिषद, ती तीन दिवसांची. मग नगराध्यक्ष दोन आठवडे तुर्कस्तानात करतायत काय? याचं उत्तर तेल्मोने दिलं होतं. तेल्मो मासळीचा व्यापारी, नगरपालिकेत विरोधी बाकावरचा, आणि गावातलं सगळ्यात मोठं तोंड. "केस लावून घेतायत," तो म्हणाला होता. "तिकडे टकलावर केस पेरतात, भात पेरतात तसे. आता परत आले की भांग डावीकडे पाडायचा की उजवीकडे यावर ठराव येणार बघा." तासाभरात बातमी गावभर झाली. खुर्ची डोक्यात गेली होतीच, आता डोक्यावर केसही येणार, असं लोक म्हणू लागले. कारण गेले काही महिने नगराध्यक्ष रस्त्यात समोरून गेले तरी ओळख दाखवत नसत आणि बाकावर पत्ते खेळायलाही बसत नसत. तेल्मो तर त्यांच्याबरोबर चालताना मुद्दाम ओरडायचा, "साहेब, ही बघा दोन्या सबीना आली, निळी छत्री मिरवत. करा नमस्कार, मत आहे तिचं." मग कुठे नगराध्यक्षांचा हात वर जायचा.

ही दोन्या सबीना, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी सबीनाबाई, सबीना इंत्रियागो. जन्मभर कोर्टात साक्षी लिहून घेतल्या, आता निवृत्त. नवरा गेला, मुलं माद्रिदला. न्हाव्याच्या दुकानात बसून पत्ते खेळणारी गावातली एकमेव बाई. आत्ताही ती त्या बिनडोक्याच्या नगराध्यक्षांसमोर छत्री टेकून उभी होती आणि तिच्या शेजारी दोन म्हातारे एकमेकांवर गुरगुरत होते.

"कडी शाबूत, कुलूप शाबूत," आनिबाल म्हणाला. हा औषधाच्या दुकानाचा मालक. "किल्ली पावडरच्या डब्याखाली असते हे आपल्या बाकाशिवाय ठाऊक कुणाला? म्हणजे चोर घरातलाच."

"सरळ बोल की," बासिलियो म्हणाला.

"बोलतो. विल्फ्रिदो तुझा लंगोटीयार. पहिल्या दिवसापासून तुझी कुरकूर. भुवया एवढ्या जाड नकोत, नाक एवढं मोठं नको, त्याला वाईट वाटेल."

"तीस वर्षं त्याच्या कानामागचे चार केस मी फुकट कापतोय. तो केस लावायला समुद्रापार गेला, मला शब्दाने बोलला नाही. त्याच्यासाठी मी चोरी करीन होय?"

"केलीस, असं माझं म्हणणं आहे."

बासिलियो बाहेर गेला, बाक उचलला आणि दुकानात आणून भिंतीला उभा केला. "माझ्या छपराखाली मला चोर म्हणालास," तो म्हणाला. "विल्फ्रिदो यायच्या आत डोकं सापडलं आणि तू शब्द मागे घेतलास तर ठीक. नाहीतर उद्यापासून इथे फक्त केस कापले जातील. गप्पा मारायच्या त्यांनी आपापल्या घरी माराव्यात."

तेल्मो कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. "बर्फ वितळेल माझा," असं काहीतरी पुटपुटून तो निघून गेला.

बासिलियो एकदा बोलला की बोलला. सख्ख्या भावाशी तो अकरा वर्षं अबोला धरून होता. आपापल्या घरी, म्हणे. तिच्या घरात घड्याळाशिवाय बोलणारं होतं कोण? सकाळी उठून कपडेलत्ते नीट करावेत, वेणीफणी करावी, असं वाटायचं ते त्या बाकापायी. तो बाक गेला तर तिचं काही खरं नव्हतं, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. तिने छत्री उचलली.

२

"डोकं शेवटचं कुणी पाहिलं?" तिने औषधाच्या दुकानात जाऊन आनिबालला विचारलं.

"मीच. पाहिलं काय, सजवलं." आनिबालचा राग जरा निवळला होता आणि आता त्याला कौतुक करून घ्यायचं होतं. "काल संध्याकाळी बासिलियो जेवायला गेला तेव्हा. म्हटलं, तुर्कस्तानला जाऊन आलेला माणूस, त्याला केस नकोत? आरशाखालच्या खणात काय वेणी सापडली, दोन्या सबीना, काय सांगू. हातभर लांब, काळीभोर. अर्धी उकलून टकलावर पसरली आणि उरलेली मागे शेंडीसारखी लोंबत ठेवली, तिच्या त्या हिरव्या दोऱ्याच्या गाठीसकट. हसून हसून मेलो मी एकटाच."

"हिरवा दोरा?"

"जाळ्याचा असतो तो. आणि डिंक माझा स्वतःचा. पाण्यात भिजत घातला तरी सुटायचा नाही. सकाळी सगळ्यांना चकित करणार होतो, तर ही चोरी."

"ती वेणी तिथे कशाला होती, हे नाही विचारलंस स्वतःला?"

"न्हाव्याच्या खणात केस नाही सापडणार तर काय मासे सापडणार?"

सबीनाने कपाळाला हात लावला. आनिबाल डोंगराकडचा, सासुरवाडीच्या गावात येऊन राहिलेला. चाळीस वर्षं झाली तरी काही गोष्टी त्याच्या डोक्यावरून जायच्या त्या जायच्याच.

ती तडक दुकानात आली. बासिलियो एकटाच फरशी झाडत होता, जिच्यावर एक केस पडलेला नव्हता.

"आरशाखालचा खण उघड," ती म्हणाली.

त्याने उघडला. आत कात्र्या होत्या, फण्या होत्या, आणि एक रिकामा पांढरा रुमाल. बासिलियो मागे सरकला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. तिथे बसलेलं त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

सबीनाला सांगायची गरज नव्हती. देवळातल्या नाझरेनो ख्रिस्ताच्या मूर्तीला खऱ्या केसांचा टोप असतो. ज्या बायका नवस बोलतात त्या आपली वेणी उतरवून देतात, आणि बासिलियो ती धुऊन, विंचरून टोपात गुंफतो. कुणाची वेणी, कशासाठी, हे तो कुणाला सांगत नाही. नवस फळेपर्यंत नाव ओठांवर आणायचं नाही ही गावाची रीत, आणि बासिलियो ती पाद्रीबाबांपेक्षाही कडक पाळतो.

"त्या मूर्खाने नवसाची वेणी त्या बाहुल्याला चिकटवली," तो म्हणाला. "आज जळाली असती ती."

"म्हणजे चोर का आला ते तुला कळलं. कोण तेही कळलं."

"कळलं."

"मग नाव सांग आणि मोकळा हो. आनिबाल तुझ्या पाया पडेल."

"नवस मोडेल, सबीना."

"आणि नाही सांगितलंस तर बाक मोडेल."

बासिलियोने भिंतीला उभ्या केलेल्या बाकाकडे पाहिलं. त्याच्यावर त्याचंही अर्धं आयुष्य गेलं होतं. "मोडू दे," तो म्हणाला.

३

नवस कुणाचा असेल? नवरा समुद्रापार गेला असेल तर नवस बोलणार बायकोच. सबीना नगराध्यक्षांच्या घरी गेली.

स्वयंपाकघरात नार्सिसा कच्च्या केळ्यांचे चीज घातलेले गोळे तळत होती. तिची वेणी पाठीवर रुळत होती, जशीच्या तशी, कमरेपर्यंत. सबीनाचा अर्धा तर्क उंबरठ्यातच कोसळला.

"या, दोन्या सबीना," नार्सिसा म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं डोकं हरवलं म्हणे. मी तर लग्नापासून शोधतेय."

सबीनाला हसू आवरेना. "कोट तुम्हीच दिलात ना पुतळ्याला?"

"मीच. खरी सूटकेससुद्धा देणार होते, पण ती तो घेऊन गेलाय. जाळा खुशाल. चांगला माणूस आहे, पण धूर झाला म्हणजे जरा हलका होईल."

"आणि केस? कसे आलेत म्हणे?"

"येईल तेव्हा बघा की सगळे." नार्सिसाने गोळा परतला. मग सबीनाकडे पाठ करूनच ती म्हणाली, "काल फोन आला होता त्याचा. म्हणाला, नार्सिसा, इथला समुद्र निळा आहे गं."

एवढं बोलून तिने एप्रन डोळ्यांना लावला.

"काय झालं?"

"काही नाही. केळी झोंबतात."

कच्ची केळी कुणाच्या डोळ्यांना झोंबल्याचं सबीनाने सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. पण तिने एक गोळा खाल्ला, कॉफी प्यायली आणि निरोप घेतला. साक्षीदार रडायला लागला की कोर्ट थोडा वेळ उठतं, हे ती शिकली होती.

४

धक्क्याच्या कठड्यावर बसून तिने विचार केला.

समुद्रकाठी जन्मलेला माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाहून बायकोला फोन करून समुद्र निळा आहे म्हणून सांगतो, आणि बायको रडते. का? समुद्र निळा असतो ही काय बातमी झाली?

जूनमधल्या सान पेद्रो या संताच्या मिरवणुकीत विल्फ्रिदो तिच्यासमोरून, अगदी हाताच्या अंतरावरून गेला होता. तिने हसून मान हलवली, आणि तो दगडासारखा पुढे गेला. ती त्या दिवशी घरी जाऊन चक्क रडली होती. ज्याच्या लग्नात आपण नाचलो त्याने अशी ओळख विसरावी. त्यानंतर तो पत्त्यांना येईनासा झाला. शेवटी आला होता तेव्हा पानं नाकाला लावून बसला होता, आणि बदामाच्या जागी चौकट टाकून हरला होता. सगळ्यांनी त्याची थट्टा केली होती. तेल्मोने तेवढी केली नव्हती. तेल्मोने डाव आवरता घेतला होता.

आणि मग तेल्मो त्याच्या बाजूने चालायला लागला, ओरडत. ही बघा निळी छत्री. हा बघा आनिबाल, दात काढून हसतोय. समोर पायरी आहे साहेब, घसरू नका, खुर्ची जाईल.

सबीना कठड्यावरून उठली ती इतक्या घाईने की छत्री विसरली आणि परत आली.

आता बाकीचं सोपं होतं. जो माणूस झोपेतही गप्प बसत नाही तो आज सकाळी बासिलियोवर आळ येत असताना गप्प होता. वेणीची गाठ जाळ्याच्या दोऱ्याची. आणि तेल्मोची बायको देल्फिना, जिच्या केसांवर गावातल्या तीन पोरी जळायच्या, ती गेले पंधरा दिवस डोक्याला फडकं बांधून हिंडत होती. डोकं दुखतं, म्हणे.

तेल्मोच्या घराचं मागचं दार उघडंच होतं. अंगणात तेल्मो बसला होता. यंदा चौकात पुतळ्याच्या विधवेचं सोंग त्याचं होतं. पुतळ्याच्या नावाने छाती बडवत गाड्या अडवायच्या आणि नाणी मागायची. त्यासाठी बायकोचा काळा झगा त्याने कसाबसा अंगात कोंबला होता आणि ओठ लाल केले होते. पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं, घमेल्यात नगराध्यक्षांचं डोकं. देल्फिना शेजारी बसून एकेक केस सोडवत होती.

"जपून," सबीना म्हणाली. "साबण जाईल त्याच्या डोळ्यांत."

दोघं दचकली. तेल्मोने डोकं झग्याखाली लपवायचा प्रयत्न केला आणि झगा काखेत उसवला.

"दोन्या सबीना, तुम्ही काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं. प्रश्न विल्फ्रिदोला दिसतं की नाही हा आहे."

देल्फिनाच्या हातातले केस घमेल्यात पडले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तेल्मोने विचारलं.

"तूच. सहा महिने रोज रस्त्यात ओरडून सांगत होतास, आम्हीच बहिरे."

तेल्मोने ओल्या हाताने तोंड पुसलं आणि लाली गालभर पसरली. "दोन्ही डोळे चालले होते त्याचे," तो म्हणाला. "निवडणूक तोंडावर. उपनगराध्यक्षाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी आंधळा म्हणून घरी बसवलं असतं. मला आईची शपथ घातली. परिषदेचं आमंत्रण आलं आणि त्याच शहरात डोळ्यांचा मोठा दवाखाना होता. पुढचे दिवस त्याने पदरचा खर्च करून काढलेत, कुणाचं एक नाणं घेतलं नाही."

"आणि केसांची आवई?"

"दोन आठवडे कशाला, हे कुणीतरी विचारणारच की. खोटं उत्तर द्यायचं तर असं द्यावं की हसता हसता लोक खरं विचारायचं विसरतील. तुम्हीसुद्धा हसलात."

"हसले." सबीनाने देल्फिनाच्या फडक्याकडे पाहिलं. "आणि तू वेणी दिलीस."

"माझं कन्यादान त्यांनी केलं, बाप नव्हता म्हणून," देल्फिना म्हणाली. "एक वेणी काय हो. पण जळाली असती तर? काल फोनवर समुद्र दिसला म्हणाले. माणसं दिसतात की नाही, ते विचारायचा धीर नाही झाला कुणाला."

"सकाळी पुतळा न्यायला गेलो तर त्याच्या टकलावर हिची वेणी," तेल्मो म्हणाला. "ओढली तर डोकंच फाटायला लागलं. दुपारपर्यंत सोडवून गुपचूप परत ठेवणार होतो. पण त्या आनिबालचा डिंक, दोन्या सबीना, तो औषधं विकतो कशाला, जहाजं का नाही जोडत?"

"बासिलियोला ठाऊक आहे वेणी कुणाची ते. त्याने नाव घेतलं नाही. बाक मोडला तरी चालेल म्हणाला."

तेल्मो घमेल्यात बघत राहिला.

"मी आता सगळ्यांसमोर उलगडा सांगणार आहे," सबीना म्हणाली. "तुझं नाव घेणार नाही. पण बासिलियोला चोर म्हणून नव्या वर्षात जाऊ देणार नाही. कसं, ते तू बघ."

५

उन्हं कलली तेव्हा चौकात सगळं गाव जमलं होतं. विमानतळावरून नगराध्यक्षांची गाडी निघाल्याचा निरोप आला होता आणि प्रत्येकाला केस पाहायचे होते. दुकानाच्या दारात बासिलियो हाताची घडी घालून उभा होता. आनिबाल समोर.

"बासिलियोने चोरी केली नाही," सबीना कोर्टातल्यासारखं खणखणीत म्हणाली. "त्याला गरजच नव्हती. सकाळी ते डोकं त्याने आधी पाहिलं असतं, तर आनिबाल, तुझ्या कानाखाली वाजवून वेणी उघड उघड काढून घेतली असती त्याने. कारण ती वेणी नाझरेनोच्या नवसाची होती."

आनिबालचा चेहरा पांढरा पडला. त्याने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. "नवसाची? मी ती... अरे देवा."

"चोर तोच, ज्याने वेणी ओळखली, पण ज्याला ही आमची म्हणून मागता येत नव्हती. त्याने चोरी केली म्हणून तू पापातून वाचलास. आता माफी माग."

"मागतो. पण चोर कोण ते कळू दे. न्हावी सांगत नाही, कोर्टवाली सांगत नाही. मग संशय राहणारच की माणसाच्या मनात. कुणाचा नवस?"

"माझ्या बायकोचा. मोडला तर पाप माझ्या माथी."

गर्दी दुभंगली आणि काळा झगा घातलेला तेल्मो पुढे आला. काखेत नगराध्यक्षांचं डोकं होतं, आता पुन्हा गुळगुळीत, फक्त एका कानापाशी ठिगळासारखे चार केस राहिलेले. चौकात हशा पिकला. तेल्मो हसला नाही. "चोर मी," तो बासिलियोला म्हणाला. "सकाळीच बोलायला हवं होतं. तू माझ्यासाठी सगळं गमावायला निघालास आणि मी बर्फाचं निमित्त काढून पळालो. मला क्षमा कर."

बासिलियोने घडी सोडली. "झगा उसवलाय तुझा," तो एवढंच म्हणाला.

"पण नवस कशासाठी?" आनिबालने विचारलं. "देल्फिना तर ठणठणीत आहे."

तेल्मोचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजला.

गाडी थांबली, दार उघडलं आणि नगराध्यक्ष उतरले. डोकं अंड्यासारखं तुळतुळीत. "पैसे बुडाले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा उसळला. विल्फ्रिदो मात्र दाराला धरून तिथेच उभे होते. सवयीने तेल्मोने छाती भरून घेतली, नावं पुकारायला. सबीनाने त्याचं मनगट धरलं. तो गप्प राहिला. देल्फिनाच्या ओठांची हालचाल चालली होती, ती प्रार्थना म्हणत होती.

नगराध्यक्षांनी दार सोडलं आणि एकटेच चालत आले. पायरीपाशी खाली पाहिलं, पाऊल उचललं.

"बासिलियो," ते म्हणाले, "तुझी दाढी कोण करतं रे? अर्धी राहिलीये." मग वळून, "आनिबाल, मिशी रंगवतोस? शोभत नाही." लोक हसत होते. मग ते सबीनासमोर आले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "सान पेद्रोपासूनचा नमस्कार राहिलाय माझा. नार्सिसाने मला घरी गेल्यावर सांगितलं, समोर तू होतीस म्हणून. तोंड दाखवायला लाज वाटत होती." सबीनाने नुसती मान हलवली, आणि त्यांनी ती हललेली पाहिली.

मग त्यांनी काळ्या झग्यातल्या माणसाकडे पाहिलं. पांढरे झालेले कल्ले, डोळ्यांखालच्या पिशव्या, गालभर फासलेली लाली, सगळं ते सावकाश बघत राहिले.

"तेल्मो," ते हळूच म्हणाले. "केवढा म्हातारा झालास रे. कधी झालास?"

"तू बघत नव्हतास तेव्हा," तेल्मो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. तो त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडू लागला. लोकांना वाटलं विधवेचं सोंग सुरू झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या पायाशी नाणी टाकली.